एसकेएस रायफल घ्यावी का? अमेरिकेत आयात झालेल्या एका सेमी-ऑटोमॅटिक रायफलीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजी, शिकार किंवा जुन्या शस्त्रांचा संग्रह यांत रस घेऊ लागलेल्या मराठी वाचकांकडून एसकेएस या रायफलीविषयी सतत विचारणा होते. तिची स्वस्ताईची ख्याती अजून टिकून असली तरी ती ज्या परिस्थितीत निर्माण झाली ती परिस्थिती आता राहिलेली नाही, आणि बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी हाच गैरसमज असतो. कायद्यासंबंधीची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. खरेदीपूर्वी आपल्या राज्याचा आणि शहराचा सध्याचा नियम पाहणे अनिवार्य आहे.

ही रायफल नेमकी कोणती, आणि तिला सेमी-ऑटोमॅटिक का म्हणतात?

सोव्हिएत शस्त्ररचनाकार सेर्गेई सिमोनोव्ह यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आखलेली आणि १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्यात अधिकृतपणे दाखल झालेली ही कार्बाईन, म्हणजे आखूड रायफल, आहे. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. त्या गोळीमागच्या वायूचा थोडा भाग नळीवरच्या छिद्रातून वळून दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या बोल्टला (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला) मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येणारा बोल्ट नवे काडतूस चढवतो. पुढची गोळी सोडायची तर चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. महाराष्ट्रात पोलिसांच्या पहाऱ्यावर वर्षानुवर्षे दिसलेली एसएलआर रायफल याच तत्त्वावर चालते, मात्र तिचे काडतूस बरेच अधिक शक्तिशाली असते.

एसकेएसमध्ये ७.६२×३९ मिलिमीटरचे, म्हणजे पुढे एके-४७ मुळे जगभर पसरलेले काडतूस वापरले जाते. दहा काडतुसांचे मॅगझिन (काडतुसे साठवणारी पेटी) रायफलीला कायमचे जोडलेले असते आणि ते वरून, दहा काडतुसे अडकवलेल्या धातूच्या पट्टीने भरले जाते. नळी सुमारे ५२० मिलिमीटर लांब, एकूण लांबी एक मीटरहून किंचित जास्त, वजन पावणेचार किलोच्या पुढे आणि नळीखाली घडी होणारी संगीन, अशी तिची ठेवण आहे. एके-४७ आल्यावर सोव्हिएत सैन्याच्या आघाडीच्या तुकड्यांतून ती लवकरच मागे पडली. क्रेमलिनच्या मानवंदना पथकाच्या हाती मात्र ती पुढेही दिसत राहिली.

ती अमेरिकेत इतकी पसरली कशी?

मुख्यतः चीनमुळे. चीनने १९५६ पासून हीच रायफल 'टाइप ५६' या नावाने प्रचंड संख्येने बनवली, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सैन्याच्या साठ्यातील तसेच खास निर्यातीसाठी तयार केलेल्या रायफली अमेरिकी बाजारात आल्या. त्या काळी ती शंभर डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी किमतीत मिळत असे, आणि लाकडी पेटीतून स्वस्त काडतुसेही येत असत. मे १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या प्रशासनाने चिनी शस्त्रे आणि दारूगोळा यांच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा हा ओघ थांबला. त्यानंतर २००० च्या दशकात युगोस्लाव्हियाच्या जुन्या साठ्यातील रायफली मोठ्या प्रमाणात आल्या आणि 'स्वस्त एसकेएस' ही कल्पना आणखी काही वर्षे तग धरून राहिली.

आज तिची किंमत परवडणारी आहे का?

परवडणारी म्हणता येईल, स्वस्त म्हणता येणार नाही. आयातीचे मोठे ओघ आटल्यामुळे बाजारात फिरणाऱ्या रायफली बहुतेक एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आहेत, आणि बऱ्या अवस्थेतील रायफल पाचशे डॉलरच्या आत मिळणे आता कठीण झाले आहे. सोव्हिएत संघातील तुला या शहराच्या कारखान्यातील, सर्व भागांवरचे मूळ क्रमांक जुळणाऱ्या रायफलीला याहून बरीच जास्त किंमत पडते. तेवढ्याच पैशात अमेरिकेत बनलेली, सुट्या भागांची मुबलक उपलब्धता असलेली आणि दुर्बीण सहज बसणारी नवी एआर-१५ पद्धतीची रायफल येते. म्हणून 'कमी पैशात काम भागेल' हे कारण एसकेएस घेण्यासाठी पुरेसे राहिलेले नाही. इतिहास, लाकूड आणि पोलाद यांचे आकर्षण हे कारण असेल तर गोष्ट वेगळी.

कोणत्या देशाची रायफल घ्यावी?

याचे उत्तर हेतूवर अवलंबून असले तरी देशादेशांतील फरक खरे आणि महत्त्वाचे आहेत. सोव्हिएत रायफली तुला येथे १९४९ पासून आणि इझेव्हस्क येथे १९५३ ते १९५४ या अल्प काळात बनल्या. त्यांची घडण नेटकी असते, आणि सुरुवातीच्या काही नमुन्यांचा अपवाद सोडला तर नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो. यांतील अनेक रायफली पुढे सरकारी शस्त्रागारात दुरुस्त करून, वार्निश लावून, क्रमांक पुन्हा कोरून ठेवलेल्या होत्या. अशी रायफल वापरायला उत्तम असते, पण संग्राहकाच्या दृष्टीने अस्पर्श रायफलीपेक्षा तिचे मोल कमी.

चिनी रायफलींमध्ये दर्जाचा पल्ला फार रुंद आहे. सैन्यासाठी बनलेल्या जुन्या रायफली सोव्हिएत रायफलींच्या तोडीच्या असतात आणि त्यांच्या नळीलाही क्रोम असतो. १९८० च्या दशकात केवळ निर्यातीसाठी जुळवलेल्या काही रायफलींमध्ये मात्र घाईची चिन्हे स्पष्ट दिसतात. आखूड नळीचे किंवा एके-४७ चे सुटे मॅगझिन घेणारे चिनी नमुने याच काळातले. त्यांना आज चांगली मागणी आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वाधिक डोकेदुखीही त्यांचीच आहे.

युगोस्लाव्ह रायफल क्रागुयेव्हात्स येथील झास्तावा कारखान्याची. तिच्या एम५९/६६ या नमुन्याला नळीच्या टोकाशी ग्रेनेड फेकण्याची जोडणी आणि वायूचा मार्ग बंद करणारा व्हॉल्व्ह असतो. परिणामी ती सुमारे दहा सेंटिमीटर अधिक लांब आणि चार किलोहून जड होते. तिच्या नळीला क्रोम नसतो, म्हणून गंजाचा धोका वाढतो. शिवाय तो व्हॉल्व्ह झिजला की वायू गळतो, बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. शिवाय काही राज्यांमध्ये ग्रेनेडची ती जोडणीच कायदेशीर अडचण ठरते, मग प्रत्यक्षात ग्रेनेड कोणाच्या स्वप्नातही नसो. रुमानियाच्या कुजीर कारखान्याच्या आणि अल्बानियाच्या रायफली संख्येने कमी आहेत. त्या मुख्यतः संग्राहकांचा विषय आहेत.

प्रत्यक्ष वापरासाठी पहिली एसकेएस घेणाऱ्याने क्रोमची नळी असलेली जुनी चिनी सैनिकी रायफल शोधावी, असे आमचे मत आहे.

तिचे खरे गुण कोणते?

पहिला गुण साधेपणाचा. कोणत्याही विशेष हत्याराविना ती उघडते, साफ होते आणि पुन्हा जुळते. आतले भाग मोठे, दणकट आणि मळ सहन करणारे आहेत. दुसरा गुण मागे बसणाऱ्या धक्क्याचा: काडतूस मध्यम शक्तीचे आणि रायफल जड असल्याने खांद्याला त्रास होत नाही, त्यामुळे नवशिक्याला चापावर ताबा मिळवणे सोपे जाते. तिसरा गुण, ज्याला अनेकजण दोष मानतात, म्हणजे जोडलेले मॅगझिन. ते हरवत नाही, काडतुसे धरून ठेवणाऱ्या त्याच्या कडा वाकत नाहीत, आणि अमेरिकेतील अनेक कडक राज्यांच्या दहा काडतुसांच्या मर्यादेत ते मुळातच बसते.

आणि दोष?

अचूकता माफक आहे. शंभर यार्डांवर तीन ते पाच इंचांच्या वर्तुळात गोळ्या पडल्या तर ती रायफल आपले काम नीट करत आहे असे समजावे. कागदावरच्या एकाच छिद्राची अपेक्षा ठेवणाऱ्याने दुसरीकडे पाहावे. दुर्बीण बसवण्याची सोय मूळ रचनेत नाही. बाजारात रिसीव्हरच्या (बोल्ट सामावणाऱ्या मुख्य सांगाड्याच्या) झाकणाच्या जागी बसणाऱ्या पट्ट्या मिळतात, परंतु ते झाकण प्रत्येक सफाईला निघत असल्याने आणि मुळातच थोडे हलत असल्याने जुळवलेला नेम टिकत नाही. दस्ता सरासरी अमेरिकी पुरुषाच्या मानाने आखूड आहे, हे मात्र आपल्यापैकी अनेकांच्या पथ्यावर पडते. चाप जड आणि खरखरीत असतो. गोळीबार सुरू असताना मॅगझिन झटकन बदलण्याची सोय नाही, आणि धातूच्या पट्टीने काडतुसे खाली दाबण्याची हातोटी यायला अंगठ्याला थोडा त्रास सोसावा लागतो.

जुनी एसकेएस आपोआप गोळ्या झाडू लागते, हे खरे आहे का?

हा धोका खरा आहे, आणि तो टाळताही येतो. बहुतेक एसकेएस रायफलींतील फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारी सळी, स्प्रिंगविना, बोल्टच्या आत मोकळी सरकणारी असते. साठवणीसाठी रायफल कॉस्मोलीन नावाच्या घट्ट ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली असते. ते ग्रीस बोल्टच्या आत वाळून राहिले, किंवा अनेक वर्षांचा मळ साचला, की पिन पुढच्या बाजूला अडकते आणि बोल्ट बंद होताक्षणी चाप न ओढता काडतूस उडते. एकामागून एक अशा कित्येक गोळ्या सुटू शकतात. म्हणून नवी आणलेली रायफल, विक्रेत्याने कितीही खात्री दिली तरी, बोल्ट पूर्ण उघडून द्रावकाने धुतल्याशिवाय वापरू नये. बोल्ट हातात धरून हलवला की पिन आत खुळखुळली पाहिजे. आवाज आला नाही तर ती अडकली आहे. अगदी सुरुवातीच्या सोव्हिएत रायफलींत स्प्रिंग असलेली पिन होती, तिथे ही कसोटी लागू होत नाही. पहिल्यांदा रेंजवर जाताना मॅगझिन पूर्ण न भरता दोनच काडतुसे घालून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून चाचणी घ्यावी.

काडतुसांचे काय? ती अजून स्वस्त मिळतात का?

या रायफलीचे आर्थिक गणित काडतुसांवरच उभे होते, आणि ते दोनदा कोसळले. १९९४ मध्ये पोलादी गाभ्याच्या स्वस्त ७.६२×३९ काडतुसांना अमेरिकी यंत्रणेने चिलखतभेदी ठरवून त्यांची आयात रोखली. त्यानंतर रशियन काडतुसांनी ती जागा भरून काढली होती; परंतु रशियातील विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगानंतर अमेरिकेने जाहीर केलेले निर्बंध ७ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाले आणि रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने मिळणे थांबले. पुढे आयातदारांकडील शिल्लक माल संपत गेला तसे भाव चढले. सर्बिया आणि बोस्निया येथील तसेच खुद्द अमेरिकेतील उत्पादकांची काडतुसे उपलब्ध असतात, पण 'ढिगाने घ्या आणि मनसोक्त झाडा' हा काळ संपला.

जुन्या सैनिकी साठ्यातील काडतुसे, विशेषतः युगोस्लाव्ह, स्वस्त दिसली तरी त्यांच्या प्रायमरमुळे (ठोक्याने पेटणाऱ्या तळाच्या टोपीमुळे) नळीत क्षार उरतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि ह्यूस्टन किंवा फ्लोरिडासारख्या दमट हवेत पाहता पाहता नळी व दट्ट्या गंजवतात. हे क्षार तेलाने जात नाहीत. ते पाण्यात विरघळतात, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून मगच तेल लावावे. आणखी एक व्यावहारिक बाब अशी की अनेक बंदिस्त रेंजवर चुंबकाला चिकटणाऱ्या गोळ्या चालत नाहीत. पेटी विकत घेण्याआधी आपल्या रेंजला विचारलेले बरे.

शिकारीसाठी ती योग्य आहे का?

आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७३० मीटर वेगाने सुटते. ही शक्ती अमेरिकेतील पिढ्यान्‌पिढ्या हरणाच्या शिकारीत वापरल्या गेलेल्या .३०-३० विंचेस्टर या काडतुसाच्या जवळपासची आहे. दीडशे यार्डांच्या आत, शिकारीसाठी बनवलेली मऊ टोकाची गोळी वापरून हरण टिपण्यास ती पुरेशी आहे. त्यापलीकडे गोळी झपाट्याने खाली झुकते आणि रायफलीची माफक अचूकताही आड येते. सैनिकी पद्धतीची पूर्ण आवरणाची गोळी अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीस निषिद्ध आहे, आणि नैतिकदृष्ट्याही ती वापरू नये, कारण ती जनावराला तत्काळ न मारता आरपार जाते.

राज्याचा नियम मात्र आधी पाहावा. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. न्यू जर्सीत, जिथे आपली वस्ती दाट आहे, हरणासाठी सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर ठोका बसणारी) रायफलच चालत नाही, आणि एसकेएस त्याच प्रकारची आहे. इतर अनेक ठिकाणी शिकारीच्या वेळी मॅगझिनमध्ये पाचच काडतुसे असावीत असे बंधन असते. केवळ शिकारीसाठी रायफल हवी असेल तर साधी, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागणारी बोल्ट-अॅक्शन रायफल हलकी, अधिक अचूक आणि कायद्याच्या दृष्टीने निर्धोक ठरते.

घराच्या संरक्षणासाठी?

आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. प्लास्टरबोर्डच्या भिंती ही गोळी सहज भेदते, आणि टाउनहाउस किंवा अपार्टमेंटमध्ये भिंतीपलीकडे दुसऱ्याचे कुटुंब असते. एक मीटर लांबीची जड रायफल अंधाऱ्या बोळात वळवणेही कठीण. मुले असलेल्या घरात ती भरलेली ठेवणे हा तर विषयच होऊ शकत नाही. ती कुलूपबंद कपाटात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत.

प्लास्टिकचा दस्ता, सुटे मॅगझिन असे बदल करावेत का?

करू नयेत, आणि त्याला तीन कारणे आहेत. १९६८ च्या कायद्यानुसार आयात होणारे शस्त्र 'क्रीडा उपयोगाचे' असावे लागते. त्या व्याख्येत न बसणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल आयात भागांपासून अमेरिकेत जुळवण्यावर ९२२(आर) या कलमाने बंधन घातले आहे, आणि नियमात नमूद केलेल्या वीस प्रकारच्या भागांपैकी दहाहून अधिक आयात भाग अशा रायफलीत असता कामा नयेत. मूळ स्वरूपातील जुन्या रायफलीला 'क्युरिओ', म्हणजे संग्रहयोग्य जुनी वस्तू, म्हणून मिळणारी सवलत बदल करताच हातची जाते, आणि मग भागांची मोजणी आपल्या डोक्यावर येते. दुसरे असे की बाजारातील सुटी मॅगझिन सहसा नीट काम करत नाहीत. निर्दोष चालणाऱ्या रायफलीत आपणच अडथळा विकत घेतो. तिसरे कारण पैशाचे: काळ्या प्लास्टिकमध्ये कोंबलेल्या एसकेएसची पुनर्विक्रीची किंमत घसरते. मूळ लाकडी दस्ता ज्यांनी फेकून दिला, ते आज तोच शोधत फिरतात.

वापरलेली रायफल घेताना काय तपासावे?

रिसीव्हर, बोल्ट, चापाचा संच, मॅगझिन आणि दस्ता यांवरील क्रमांक जुळतात का ते पाहावे. न जुळणारी रायफल चालते, पण किंमत कमी द्यावी. नळीत दिवा टाकून आतल्या सर्पिल चरी स्पष्ट आहेत का, पोलादावर खड्डे आहेत का हे पाहावे, आणि वायूची नळी काढून दट्ट्या तपासावा, कारण गंज आधी तिथे लपतो. दस्त्याला मागच्या बाजूला, बोल्टच्या रेषेत, भेग असल्यास सोडून द्यावी. आयातदाराचा शिक्का नळीवर किंवा रिसीव्हरवर असणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. १९६८ नंतर आयात झालेल्या शस्त्रावर तो कायद्याने आवश्यक आहे, त्याला दोष मानू नये.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मला ही रायफल घेता येईल का?

सर्वसाधारणपणे नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने शस्त्र किंवा काडतूस बाळगणे हा संघीय कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यांतील आपल्या लोकांना लागू पडू शकणारा अपवाद म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफलही 'बाळगणे' या व्याख्येत येऊ शकते, त्यामुळे मित्राबरोबर सहज गेलो होतो ही सबब उपयोगाची नाही. शिकार परवान्याचा अपवाद वापरायचाच असेल तर आधी स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण इथली चूक दंडावर थांबत नाही, ती पुढे ग्रीन कार्डाच्या आड येते. ग्रीन कार्डधारकांना मात्र इतरांप्रमाणे पार्श्वभूमी तपासणी होऊन खरेदी करता येते. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर रायफल घेणे, अगदी सख्ख्या भावासाठीही, गंभीर गुन्हा ठरते.

सर्व राज्यांत ती चालते का? कॅनडा, ऑस्ट्रेलियात?

सुट्या मॅगझिनची एसकेएस कॅलिफोर्नियात नाव घेऊन बंदी घातलेल्या यादीत आहे; जोडलेल्या दहाच्या मॅगझिनची रायफल वेगळ्या गटात मोडते. न्यू जर्सीत खरेदीपूर्वी राज्याचे शस्त्र-ओळखपत्र काढावे लागते. इलिनॉयने जानेवारी २०२३ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या विक्रीवर व्यापक निर्बंध आणले. कॅनडात मॅगझिन पाच काडतुसांपुरते मर्यादित केलेली एसकेएस शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे आणि १ मे २०२० च्या मोठ्या बंदी-आदेशात तिचा समावेश नव्हता. पण तिथला वाद संपलेला नाही, तेव्हा पैसे गुंतवण्यापूर्वी ताजा आदेश पाहावा. ऑस्ट्रेलियाने १९९६ मधील पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर, आणि न्यूझीलंडने मार्च २०१९ मधील क्राइस्टचर्च हल्ल्यानंतर, सामान्य नागरिकांसाठी अशा रायफलींचे दार जवळपास बंद केले.

भारतात परतताना ती सोबत नेता येईल का?

नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार अशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल प्रतिबंधित गटात मोडते आणि सामान्य नागरिकाला तिचा परवाना मिळत नाही. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, सात ते चौदा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. परतण्यापूर्वी ती परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकावी आणि कागद जपून ठेवावेत. रेंजवर वापरलेली पिशवी प्रवासासाठी घेऊ नये: कप्प्यात राहून गेलेले एखादे काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि ते चुकून राहिले हे सिद्ध करण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू शकतात.